सातात नाव नाही, तरी संघात आहे: बाकावरून लांब करिअर कसं उभं राहतं?

(या आठवड्याच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे 'अं' आणि 'म्हणजे' झाले ते कापलेत, बाकी जवळपास बोललो तसंच ठेवलंय. हेडफोन विसरला असाल तर वाचा.)



आज सुरुवात एका बाकापासून करतो. आमच्या खांडबाऱ्याहून सुरतेकडे जाणारी गाडी पकडली की वाटेत नवापूर लागतं. त्या स्टेशनातूनच महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द जाते. प्लॅटफॉर्मवर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. लोक मुद्दाम त्यावर बसून फोटो काढतात. लहानपणी मीही बसायचो आणि वडिलांना विचारायचो, "आता मी नक्की कुठे आहे?" ते म्हणायचे, "गाडी आली की कळेल."

खेळातला बाक अगदी असाच असतो. जर्सी अंगावर आहे, नाव यादीत आहे, पण तू संघात आहेस की नाहीस हे गाडी येईपर्यंत कळत नाही.

हे सगळं आठवलं एका व्हॉइस मेसेजमुळे. पाठवणारा मुलगा आमच्याच भागातला, नाव सांगत नाही. तो म्हणाला, "दादा, मी कबड्डी खेळतो. तीन वर्षं झाली, संघात नाव येतं पण सातात येत नाही. घरचे म्हणतात, नुसतं बाकावर बसायला गाडीभाडं कशाला घालवतोस, पोलीस भरतीची तयारी कर. सोडू का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण मी स्वतः शाळेच्या कबड्डी संघात आठवा होतो. माझा मुक्काम पाण्याच्या बाटल्यांजवळ. मी सोडलं, बीटेक केलं, आता पुण्यात कोड लिहितो. मला माझं उत्तर माहीत होतं, त्याचं नव्हतं. म्हणून दोन आठवडे बसून बघितलं की जे लोक 'राखीव' राहूनही पंधरा-वीस वर्षं खेळात टिकले, त्यांनी नेमकं काय केलं. आजचा भाग त्यावर.

आधी साधा हिशोब

राखीव खेळाडू म्हटलं की आपल्याला वाटतं, हा कोणीतरी उरलेला माणूस. पण आकडे बघा. प्रो कबड्डीत सामन्याला बारा जणांची नावं जातात. सात मॅटवर, पाच बाहेर. खो-खोच्या नेहमीच्या खेळात बारा जणांचा संघ, नऊ मैदानात, तीन बाहेर. आयपीएलमध्ये एका संघाकडे जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू. त्यातले अकरा खेळतात, वर एक इम्पॅक्ट प्लेअर. म्हणजे पूर्ण भरलेल्या संघात दर सामन्याला तेरा जण बाहेर.

पंचवीसात तेरा! अर्ध्याहून जास्त. म्हणजे व्यावसायिक खेळात बाकावर बसणं ही बहुसंख्यांची नोकरी आहे. आपण टीव्हीवर बघतो ते अल्पसंख्य.

आणि या नोकरीची मागणी वाढतेय. ऑगस्ट २०१९ पासून कसोटीत डोक्याला मार लागला तर बदली खेळाडू फलंदाजी-गोलंदाजीही करू शकतो. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथला लागला आणि मार्नस लाबुशेन पहिला असा बदली खेळाडू ठरला. त्याने ५९ धावा केल्या आणि पुढे कसोटी क्रमवारीत पहिल्या नंबरपर्यंत गेला. २०२३ ला आयपीएलमध्ये इम्पॅक्ट प्लेअर आला. २०२५-२६ च्या मोसमापासून बीसीसीआयने आपल्या बहुदिवसीय देशांतर्गत सामन्यांतही गंभीर दुखापत झाली तर बदली खेळाडू घेता येईल अशी सोय केली. पूर्वी बाराव्या गड्याने पाणी न्यायचं, फिल्डिंग करायची आणि गप्प बसायचं. आता त्याला बॅट हातात मिळू शकते.

पैसे किती? अर्धे

घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि तो रास्त आहे.

क्रिकेटमध्ये याचं उत्तर कागदावर आहे. २०२१-२२ पासून रणजीसारख्या सामन्यांत पुरुष खेळाडूंचं मानधन असं: वीसपर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला ४०,००० रुपये, एकवीस ते चाळीस सामने झालेल्याला ५०,००० आणि चाळीसच्या वर ६०,०००. आणि राखीव खेळाडूला? बरोब्बर निम्मे. २०,०००, २५,००० आणि ३०,०००.

आता गणित करू. चार दिवसांचा सामना, साखळीत सात सामने. नवीन मुलगा सातही सामने खेळला तर ११ लाख २० हजार. सातही सामने बाकावर बसला तर ५ लाख ६० हजार. खेळला नाही म्हणून शून्य असं नाही. भारताच्या कसोटी संघातही तसंच: खेळणाऱ्याला सामन्याचे १५ लाख, संघात असून न खेळणाऱ्याला साडेसात. आयपीएलमध्ये तर लिलावातली रक्कम करारानुसार मिळते, मग तू चौदा सामने खेळ नाहीतर एकही नको. वर जी सामन्याची वेगळी फी असते, ती मात्र खेळणाऱ्यालाच.

पण इथे एक सावधगिरी. हे क्रिकेटचं चित्र आहे आणि तेही राज्याच्या संघात पोहोचल्यावरचं. जिल्हा पातळीवरच्या कबड्डीत राखीव खेळाडूला बऱ्याचदा प्रवासखर्च सुटला तरी पुष्कळ झालं. तिथे कमाईची वाट बहुतेकदा रेल्वे, पोलीस, बँका, कंपन्या यांच्या संघांतून जाते. म्हणून आमच्या त्या मित्राच्या घरचे चुकीचं काही बोलत नाहीयेत. त्यावर शेवटी येतो.

शार्दूलचे दहा चेंडू

आता माणसांकडे वळू. पालघरचा शार्दूल ठाकूर. क्रिकेटची किट बॅग घेऊन लोकलने मुंबई गाठायची, खेळायचं आणि परत यायचं. ज्यांनी गर्दीच्या गाडीत मोठी बॅग चढवलीय त्यांना यातला ताप सांगायला नको.

ऑक्टोबर २०१८. हैदराबादला वेस्ट इंडिजविरुद्ध शार्दूलची पहिली कसोटी. दहा चेंडू टाकले आणि जांघेचा स्नायू दुखावला. सामना संपला त्याच्यासाठी. पहिली कसोटी, दहा चेंडू, बस. दुसरी कसोटी मिळायला सव्वादोन वर्षं गेली.

ती दुसरी कसोटी म्हणजे जानेवारी २०२१, ब्रिस्बेनचं गॅबा. भारताचे बुमरा, शमी, ईशांत, उमेश, अश्विन, जडेजा, सगळे दुखापतीमुळे बाहेर. कोहली बाळंतपणाच्या रजेवर घरी. तिथे ऑस्ट्रेलिया १९८८ पासून कसोटी हरली नव्हती. आपल्या संघात टी. नटराजन होता, तो दौऱ्यावर नेट बोलर म्हणून गेला होता. वॉशिंग्टन सुंदर टी-ट्वेंटी झाल्यावर सरावाला चेंडू टाकायला थांबवून ठेवलेला. थोडक्यात, राखीवांचा संघ.

भारत ६ बाद १८६. समोर ऑस्ट्रेलियाच्या ३६९. तिथून सुंदर आणि शार्दूलने १२३ धावांची भागी केली. सुंदर ६२, शार्दूल ६७. शार्दूलने सामन्यात सात बळीही घेतले. १९ जानेवारीला भारत तीन गडी राखून जिंकला.

आणि कर्णधार कोण होता? अजिंक्य रहाणे. तोही बाकाचा जुना गिऱ्हाईक! नोव्हेंबर २०११ ला कसोटी संघात आला आणि पहिली कसोटी खेळला मार्च २०१३ ला. सोळा महिने नुसता संघाबरोबर फिरला. पहिल्या कसोटीत धावा केल्या सात आणि एक. त्या दिवशी कोणी म्हटलं असतं का, की हाच पुढे ऑस्ट्रेलियात मालिका जिंकून देईल?

शार्दूलची गोष्ट तिथेही संपत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात त्याला कोणीच घेतलं नाही. मार्चमध्ये लखनौचा मोहसीन खान जखमी झाला आणि बदली म्हणून शार्दूलला बोलावलं. दुसऱ्याच सामन्यात हैदराबादविरुद्ध ३४ धावांत चार बळी. मधल्या काळात तो घरी रुसून बसला नव्हता, मुंबईकडून रणजी खेळत होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

माझा रात्री दोनचा किस्सा

आता थोडं माझ्या धंद्यातलं. आमच्याकडे ऑन-कॉल असतं. सिस्टीम बंद पडली की रात्री-अपरात्री फोन वाजतो. पहिला फोन प्रायमरीला जातो, त्याने उचलला नाही तर सेकंडरीला. एकदा मी सेकंडरी होतो. महिनोन् महिने काही झालं नव्हतं, म्हणून निवांत. एका रात्री दोन वाजता फोन वाजला. प्रायमरी प्रवासात, रेंज नाही. मी लॉगिन करायला गेलो तर माझा ॲक्सेस एक्सपायर झालेला. मागच्या दीड महिन्यात कोडमध्ये काय बदललं तेही वाचलेलं नव्हतं. चाळीस मिनिटं मी फक्त लोकांना उठवत बसलो. चूक शंभर टक्के माझी.

सर्व्हरमध्ये दोन प्रकारचे स्टँडबाय असतात. कोल्ड स्टँडबाय म्हणजे बंद करून ठेवलेलं मशीन. गरज पडली की चालू करा, डेटा भरा, तोवर ग्राहक शिव्या देऊन गेलेला असतो. हॉट स्टँडबाय मात्र कायम चालू. मुख्य सर्व्हरवर जे जे लिहिलं जातं ते त्याच्याकडेही लगेच येतं. मुख्य पडला की काही क्षणांत हा उभा. ग्राहकाला कळतही नाही.

टिकणारा राखीव खेळाडू हॉट स्टँडबाय असतो. संघाची आजची चाल काय, समोरचा रेडर कुठल्या बाजूने बोनस घेतो, कर्णधार साखळी कधी तोडायला सांगतो, हे सगळं त्याला सातातल्या खेळाडूइतकंच माहीत असतं. मी कोल्ड होतो. शाळेतही आणि त्या रात्रीही.

दोन जागा येणारा माणूस

बाकावर जागा कमी. मग प्रशिक्षक कोणाला घेईल? जो दोन जागा झाकतो त्याला.

याचं छान उदाहरण म्हणजे चंद्रकांत पंडित. आचरेकर सरांचा विद्यार्थी, मुंबईचा यष्टिरक्षक. पण भारताच्या संघात तेव्हा आधी सय्यद किरमाणी, मग किरण मोरे. यष्टिरक्षकाची जागा एकच असते, तिथे अर्धवेळ काम नसतं. १९८६ ला पंडितांनी पहिली कसोटी लीड्सला खेळली ती फलंदाज म्हणून, यष्टीमागे मोरेच. १९८७ च्या विश्वचषकात वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना होता, दिलीप वेंगसरकर आजारी पडले आणि त्यांच्या जागी पंडित फलंदाज म्हणून उतरले. २४ धावा केल्या. भारत हरला, पण मुद्दा असा की त्यांना बॅटिंग येत नसती तर त्या दिवशीही ते बाहेरच बसले असते. एकूण ५ कसोटी, ३६ एकदिवसीय. दुसऱ्या नंबरच्या यष्टिरक्षकासाठी हे कमी नाही.

कबड्डीत हेच बघा. फक्त डावा कोपरा येणारा राखीव हा एकाच माणसाचा पर्याय. जो कोपराही धरतो आणि कव्हरलाही उभा राहतो, तो दोघा-तिघांचा पर्याय. किंवा रेडर असशील तर 'करो या मरो' चढाईचा माणूस हो. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच किंवा बाद व्हायचं. तीस सेकंदांचं काम, पण मुख्य रेडरला त्यात अडकवायचं नसतं. त्यासाठी बाकावरून माणूस उठवायला प्रशिक्षक तयार असतो. एवढं एक काम चोख येणाऱ्याला संघ सांभाळून ठेवतो.

वर राखीव, खाली रोज

आता सगळ्यात महत्त्वाचं. मला स्वतःला हे या दोन आठवड्यांत कळलं.

पद्माकर शिवलकर. डावखुरे फिरकी गोलंदाज, मुंबईचे. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईला तमिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५. आणि कसोटी किती? शून्य. कारण त्यांच्याच काळात, त्यांच्याच जातीची गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी होते. भारताला डावखुरा फिरकीपटू हवा असला की पहिलं नाव ठरलेलं. हरियाणाचे राजिंदर गोयल यांचंही तेच, ७५० प्रथम श्रेणी बळी आणि एकही कसोटी नाही.

पण शिवलकर सत्तेचाळिशीपर्यंत प्रथम श्रेणी सामने खेळले. कसे? ते भारताच्या रांगेत दुसरे होते, मुंबईच्या रांगेत पहिले. दर आठवड्याला हातात चेंडू होता. २०१७ ला बीसीसीआयने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. मार्च २०२५ मध्ये ते गेले.

म्हणजे 'राखीव' हा शब्द अपुरा आहे. विचारायला हवं, कुठल्या पातळीवर राखीव? वरच्या पातळीवर बाकावर आणि खालच्या पातळीवर रोज मैदानात, ही जोडी असेल तर करिअर लांब होतं. दोन्हीकडे बाकावर असशील तर खेळ हातातून गळतो. सरावाच्या नेटमध्ये सामन्याची धडधड मिळत नाही.

प्रवीण तांबे घ्या. २०१३ ला राजस्थान रॉयल्सकडून आयपीएलमध्ये उतरला तेव्हा वय ४१, आणि तोवर एकही प्रथम श्रेणी सामना नाही. पण तो वीस वर्षं घरी बसला नव्हता. मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये आणि कंपनीच्या संघातून मोसमामागून मोसम चेंडू टाकत होता. म्हणून संधी आली त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये पाच सामन्यांत बारा बळी काढले.

रांग लांब असेल तर दुसरी रांग

फेब्रुवारी १९८८. हॅरिस शील्ड, शारदाश्रम शाळा. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. हे सगळ्यांना पाठ आहे. पण पुढचा फलंदाज पॅड बांधून बसला होता. बसला, बसला, बसूनच राहिला. त्याचं नाव अमोल मुझुमदार.

पुढे रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या, तेव्हाचा जागतिक विक्रम. पण भारताच्या मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण आणि सचिन. सगळे त्याच वयाचे आणि कोणी हलायला तयार नाही! मुझुमदार भारताकडून एकही सामना खेळला नाही. १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं, २००६-०७ ला मुंबईचा कर्णधार म्हणून रणजी विजेता.

मुंबईत नवी मुलं आली तेव्हा २००९ मध्ये तो आसामकडे गेला, नंतर आंध्रकडे. मुंबईच्या खेळाडूला आसामकडून खेळणं मनाला लागतं की नाही? लागत असणारच. पण तिथे त्याला बॅट मिळत होती. २०१४ पर्यंत खेळला. पंडितांनीही शेवटच्या काळात मध्य प्रदेशचं कर्णधारपद घेतलं.

आपल्याकडे गाव सोडणं म्हणजे हरणं असं कोणी मानत नाही. नंदुरबार-नवापूरकडची किती माणसं कामाला सुरतेला जातात! खेळातही तेच. जिथे काम आहे तिथे जायचं.

बाकावरून खेळ जास्त दिसतो

२०२२ चा रणजी अंतिम सामना, बंगळूर. एका बाजूला मुंबई, प्रशिक्षक अमोल मुझुमदार. दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. दोघेही आचरेकर सरांचे. दोघांनाही भारताच्या रांगेत मागे उभं राहायची सवय. मध्य प्रदेशने पहिल्यांदाच रणजी जिंकली. याच मैदानावर १९९८-९९ ला पंडित त्यांचा कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते. प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर मुंबईच्या तीन, विदर्भाच्या दोन आणि मध्य प्रदेशची एक अशा सहा रणजी आहेत.

आणि मुझुमदार? ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताच्या महिला संघाचा प्रशिक्षक झाला. २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबई, विश्वचषकाचा अंतिम सामना. आता बघा योगायोग. सलामीची प्रतिका रावल जखमी झाली म्हणून शेफाली वर्माला बोलावलं. ती मूळ पंधरात नव्हती, हरियाणाकडून देशांतर्गत टी-ट्वेंटी खेळत होती. म्हणजे पुन्हा तेच: वर जागा नाही, खाली रोज मैदानात. अंतिम सामन्यात ८७ धावा, दोन बळी, सामन्याची मानकरी. भारत ५२ धावांनी जिंकला आणि पहिल्यांदा विश्वविजेता झाला. स्वतः पॅड बांधून बसलेला माणूस प्रशिक्षक आणि बाहेरून आलेली मुलगी सामन्याची मानकरी. मी तर टीव्हीसमोर उभाच राहिलो.

बाकावर बसणाऱ्याला अख्खं मैदान दिसतं. कोण थकलाय, कोणाचा पाय कुठे पडतोय, कर्णधाराने कुठे उशीर केला. ही शिदोरी पुढे प्रशिक्षक, पंच, विश्लेषक, निवड समिती अशा कामांत लागते. मात्र बघितलं तरच. मोबाईलमध्ये डोकं घालून बसलात तर तो बाक स्टेशनावरचाच.

आणि जे फक्त बसतात?

फक्त बाकावर बसूनही करिअर झालेले लोक जगात आहेत. इंग्लंडचा गोलरक्षक स्कॉट कार्सन मँचेस्टर सिटीकडे सहा मोसम होता आणि दोन सामने खेळला. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेस डॅनियल नावाचा क्वार्टरबॅक होता. दहा वर्षांहून लांब करिअर, त्यात सुरुवातीपासून खेळलेले सामने पाच आणि कमाई सुमारे चार कोटी डॉलर. हे लोक सरावात मुख्य खेळाडूला तयार करतात, समोरच्या संघाचा अभ्यास करतात, ड्रेसिंग रूम शांत ठेवतात. क्लबला ते परवडतं कारण तिथे पैसा अफाट आहे.

आपल्याकडे, विशेषतः कबड्डी-खो-खोत, एवढा पैसा नाही. तेव्हा इंटरनेटवरचे हे किस्से वाचून कोणी नोकरीचा फॉर्म भरायचं सोडू नये. आणि आणखी एक खरं बोलतो. मी ज्यांची नावं घेतली ते टिकलेले लोक. तेवढीच मेहनत करून, तेवढीच वाट बघून, ज्यांच्या नावाची गाडी आलीच नाही असेही पुष्कळ असतात. त्यांची नावं मला सांगता येत नाहीत, कारण ती कुठे छापलीच गेली नाहीत.

तर भाऊ, तुझं उत्तर

तू विचारलंस, सोडू का. मी तुला चार प्रश्न परत विचारतो.

एक, सातात येत नाहीस ते कुठल्या संघात? जिल्ह्याच्या संघात बाकावर असशील आणि गावच्या, तालुक्याच्या मंडळाकडून दर स्पर्धेत खेळत असशील, तर तू रांगेत आहेस. दोन्हीकडे बाकावर असशील तर आधी मंडळ बदल. खेळायला मिळेल असं छोटं मंडळ शोध. नाव मोठं नसलं तरी चालेल.

दोन, तुझ्या पुढे कोण आहे आणि किती दिवस? प्रशिक्षकांना सरळ विचार, "सर, मी कशात कमी पडतो?" सरांनी नेमकं काही सांगितलं तर त्यावर काम कर. काहीच सांगितलं नाही तर तेही उत्तरच आहे.

तीन, दुसरी जागा कुठली येते? येत नसेल तर या पावसाळ्यात शीक.

चार, पोलीस भरती. हे मला सगळ्यात सोपं वाटतं, कारण इथे भांडण नाहीच. भरतीला धावणं लागतं, कबड्डीलाही दम लागतो. सकाळी मैदान, दुपारी पुस्तक. आणि महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यात कुठल्या स्पर्धेचं, कितव्या क्रमांकाचं प्रमाणपत्र चालतं याचे नियम आहेत, पडताळणीही लागते. जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन स्वतः विचार, व्हॉट्सॲपवर आलेल्या फॉरवर्डवर जाऊ नकोस. भरती झालास तर पोलिसांचेही कबड्डी संघ असतात. घरच्यांना हे सगळं एकदा बसून सांग. ते बाकाच्या विरुद्ध नाहीत, त्यांना गाडी कधी येणार याची काळजी आहे.

एक मुदत ठरव. पुढचा एक मोसम. या मोसमात छोट्या मंडळाकडून खेळ, दुसरी जागा शीक, भरतीचा फॉर्म भर. मोसम संपल्यावर मला पुन्हा मेसेज कर. तेव्हा सोडावंसं वाटलं तर सोड, मी काही बोलणार नाही. मीही सोडलंय. पण मी सोडलं तेव्हा यातलं काहीच करून बघितलं नव्हतं. पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि कंटाळून घरी गेलो. त्याचं थोडं वाईट मला आजही वाटतं, खोटं कशाला बोलू.

वडिलांचं ते वाक्य बरोबर होतं, गाडी आली की कळतं. फक्त गाडी येईल तेव्हा तिकीट खिशात हवं.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्यापैकी कोणी संघात आठवा, दहावा, बारावा असाल तर व्हॉइस मेसेज पाठवा, एका मिनिटाच्या आत. पुढच्या भागात त्यातले निवडक ऐकवतो. आणि हो, हा भाग त्या मित्राला नक्की पाठवा जो दर सामन्याला किट घालून येतो आणि फोटोत कडेला उभा असतो.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!